कुडाळला उतरल्यावर गाडी कशी मिळते

सकाळी कोकणकन्येतून कुडाळला उतरलेला मुंबईचा पाहुणा आधी मोबाईल काढतो. हाताला सवयच तशी. नकाशा उघडतो, निळा ठिपका स्टेशनावर येऊन बसतो, खाली चाक फिरत राहतं आणि जवळपास एकही गाडी नसल्याचा निरोप येतो. मान वर केली, तर स्टेशनाबाहेर चार-पाच गाड्या उभ्या दिसतात. एखादा चालक जिना उतरणाऱ्यांची तोंडं न्याहाळत फोन कानाला लावून असतो: "खय पोचलास? मी भायरच उभो आसंय." त्याचं गिऱ्हाईक कालच ठरलेलं आहे.

मालवणला रेल्वे नाही. कुडाळहून मालवण साधारण 30 किलोमीटर, कणकवलीहून त्याहून लांब. एसटी आहे, सीट भरली की सुटणाऱ्या शेअर गाड्या आहेत, स्टँडवर नंबर लावून उभ्या असलेल्या रिक्षा आहेत. पण म्हातारी आई, चार बॅगा आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या बरोबर असल्या की 'स्पेशल' गाडी करावी लागते. ही स्पेशल गाडी ॲपवर का मिळत नाही, हे बघायचं तर ॲपचा धंदा कशावर चालतो ते आधी बघू.

ॲपला गर्दी लागते. गाड्या रस्त्यावर रिकाम्या फिरत असल्या पाहिजेत, आणि गिऱ्हाईक जिथे उतरेल तिथेच दुसरं मिळालं पाहिजे. अंधेरीत हे आपोआप होतं. 2011च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत होती, म्हणजे चौरस किलोमीटरला 163 माणसं. मुंबई उपनगरात हाच आकडा वीस हजारांच्या घरात जातो. मालवणजवळच्या देवबागला किंवा तारकर्लीला पाहुणा उतरवलेल्या चालकाला तिथून लगेच दुसरं भाडं कुठून मिळणार?

हिशेब मांडून बघू. आकडे फक्त समजण्यापुरते. किलोमीटरला 15 रुपये धरले, तर कुडाळ-मालवणचे ॲप 450 रुपये लावील. त्यातला पाचवा हिस्सा कंपनीचा, चालकाच्या हातात 360. पण गाडी मालवणहून रिकामी आलेली असते, म्हणजे चालते 60 किलोमीटर. लिटरला 15चं ॲव्हरेज आणि 100 रुपयांचं इंधन धरलं, तर 400 रुपये नुसते टाकीत गेले. पहाटे उठून 40 रुपयांची खोट खायला कोण येईल? म्हणून इथला चालक 'अपडाऊन' धरून भाडं सांगतो. मुंबईकराला ते दुप्पट वाटतं आणि 'लुटतात हो' म्हणून तो मोकळा होतो. लूट कुठेच होत नाही असं मी म्हणणार नाही, पण दुप्पट भाड्याचं कारण बहुतेक वेळा त्या रिकाम्या फेरीत असतं.

आता ही गाडी ठरते कशी? नंबर बहुधा मिळतो तो जिथे उतरायचं त्या घराकडून. न्याहारी-निवासवाल्या वयनींकडे दोन-तीन चालकांचे नंबर असतात, आणि नंबर देताना त्या स्वतःचं नाव पणाला लावत असतात. पाहुण्याला चालकाने फसवलं तर पाहुणा त्यांच्याकडेच तक्रार करणार, आणि चालकाला पुढच्या वेळी तिथून फोन येणार नाही. ॲपवरचे तारे म्हणतात ते हेच, फक्त इथे तारा देणारा माणूस ओळखीचा असतो.

फोनवर चालक मोजकंच विचारतो. आगगाडी कुठली, डबा कुठला, माणसं किती, सामान किती, वाटेत कुठे थांबायचंय का. मग भाडं सांगतो. घासाघीस करायची ती इथेच. डिकीत बॅगा टाकल्यावर केलेली घासाघीस इथे कुणाला आवडत नाही. ठरलेल्या वेळी त्याला दुसरं लांबचं भाडं आलं, तर तो शेजाऱ्याची किंवा भावाची गाडी धाडतो आणि तिचा नंबर कळवतो. कोणाची गाडी कुठे गेली आहे हे दहा-बारा चालकांना एकमेकांचं ठाऊक असतं. शहरात हे काम संगणक करतो.

दर सांगताना चालक आणखी एक गोष्ट मनात जुळवत असतो. तुम्हाला आणायला येताना मालवणहून स्टेशनाला जाणारं कोणी मिळालं, तर रिकामी फेरी वाचते. म्हणून आदल्या दिवशी फोन करणाऱ्याला भाडं थोडं कमी पडू शकतं. वेळ मागेपुढे चालणार असेल तर तसं सांगून बघा.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच बदलतं, त्यात आगगाडी आणखी दोन तास लेट झाली की चालक सीट मागे पाडून झोपतो. ओळखीचा चालक या वाट बघण्याचे पैसे बहुधा लावत नाही. अनोळखी असेल तर वेटिंगचं आधीच विचारा.

गणपती, मे महिना, एकतीस डिसेंबर आणि आंगणेवाडीची जत्रा, हे इथले भाववाढीचे दिवस. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या या जत्रेची तारीख कौल घेऊन ठरते, त्यामुळे कुठल्याही संगणकाला ती आधी कळायची नाही. ॲप कंपन्यांना गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत जाता येईल, असं केंद्राच्या 2025च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. स्पेशल गाडीचं भाडं मात्र तोंडी ठरतं. आवर असतो तो एवढाच की पुढच्या गणपतीत तोच चालक तुमच्या अंगणात उभा राहणार असतो.

अशा आधी ठरवलेल्या, भरवशाच्या गाडीला शहरात वेगळं नाव देऊन वेगळा दर लावतात. उबर 2010 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली तीच मुळी काळ्या आलिशान गाड्या घेऊन. स्वस्त सेवा नंतर आली. मुंबईत 2007 साली मेरूने वातानुकूलित, मीटरवाल्या, फोनवर ठरणाऱ्या टॅक्सी आणल्या. दिल्ली परिसरातल्या ब्लूस्मार्टने विजेच्या गाड्या, शिस्तीचे चालक, गर्दीतही न वाढणारं भाडं आणि ऐनवेळी रद्द न होणारी फेरी यांवर नाव कमावलं. पण गाड्यांचा ताफा उभा करायला भांडवल लागतं. गाड्या पुरवणाऱ्या जेनसोल कंपनीच्या प्रवर्तकांवर सेबीने कारवाई केली आणि एप्रिल 2025मध्ये ब्लूस्मार्टची सेवा थांबली. मालवणात गाडी चालकाची, कर्जही त्याचंच. भाडं नसेल त्या दिवशी ती दारात उभी राहते, पण म्हणून सगळा धंदा एका दिवसात बंद पडत नाही.

शेजारच्या गोव्यात 2018 साली पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने गोवामाईल्स हे ॲप आलं, आणि स्थानिक टॅक्सीवाल्यांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. जानेवारी 2023मध्ये तिथला मोपा विमानतळ सुरू झाल्यावर मालवणचे बरेच पाहुणे तिथे उतरतात. तिकडे सिंधुदुर्गातून गाडी बोलावायची असेल, तर अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.

आणि पाटी बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असलेली गाडी भाड्याची. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तर ती स्वतः चालवायला भाड्याने दिलेली. पांढरी पाटी खासगी. ती भाड्याने फिरवणं बेकायदा, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करू शकते. चार-दोनशे वाचतात म्हणून ओळखीच्या कोणाच्या पांढऱ्या पाटीत बसणारे बरेच दिसतात. मी बसत नाही.

या पद्धतीत उणं आहेच. पावती मागितली तर चालक कसनुसा हसतो, आणि ज्याच्याकडे कोणाचाच नंबर नाही त्याला स्टेशनावर सांगतील तो दर मोजावा लागतो. म्हणून निघण्याआधी उतरण्याच्या घरी फोन करून चालकाचं नाव, गाडीचा नंबर आणि ठरलेलं भाडं मेसेजवर मागवून घ्या. आणि आगगाडीने वैभववाडी सोडली की त्याला एक फोन करा. मालवणहून कुडाळ गाठायला त्याला तेवढा वेळ लागतो.