जुनी 800 : पेट्रोल कमी, डोक्यावर कर्ज नाही

धंद्याला जरा बरकत आली की नातेवाईक म्हणतात, "भाई, आता तरी नवी गाडी घ्या!" आम्हालाही हेच ऐकावे लागते. परंतु आमच्या दारात 1999 सालची मारुती 800 उभी आहे आणि खर्चाची वही उघडली की ती विकावीशी वाटत नाही.

ही गाडी डिसेंबर 1983 मध्ये बाजारात आली; 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. 796 सी.सी.चे तीन सिलिंडरचे इंजिन आणि साधारण साडेसहाशे किलो वजन, म्हणून तिला पेट्रोल कमी लागते.

हिशेब सोपा आहे. महिन्याला 600 किलोमीटर फिरणाऱ्या दुकानदाराला लिटरमागे 15 किलोमीटर मिळाले तर 40 लिटर लागतात. 10 मिळाले तर 60. म्हणजे 20 लिटरची बचत. त्याहून मोठी बचत भांडवलाची. नवी गाडी कर्जाने घेतली तर व्याज आले, रोखीने घेतली तर ईदच्या हंगामात माल भरायचा पैसा गाडीत अडकला.

शिवाय ही गाडी मोहल्ल्याच्या गल्लीत सहज वळते, मागच्या सीटवर कापडाची चार गाठोडी बसतात आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला तिचा प्रत्येक नट ठाऊक असतो.

मात्र हयगय महागात पडते. रेडिएटरचा जुना पाइप बदलण्याचा आम्ही आळस केला. घाटात इंजिन तापले, हेड गॅस्केट गेले. दुरुस्तीचा खर्च झालाच, बाजाराचा दिवसही बुडाला. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्याने लिटरमागे धाव थोडी घटते, म्हणून जुन्या गाडीचे रबरी पाइप व वॉशर तपासून घ्यावेत. टायरची हवा, एअर फिल्टर आणि प्लगकडेही लक्ष असावे. गाडीत एअरबॅग नाहीत, तेव्हा महामार्गावर वेग आवरावा.

15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी आर.टी.ओ.कडे नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क 2022 मध्ये 5,000 रुपये झाले. 20 वर्षांवरील मोटारींसाठी 2025 मध्ये 10,000 रुपये. हाही खर्च वहीत धरावा.

व्यापारी व कारागीर बांधवांना आमचे सांगणे एवढेच की, गाडीची वेगळी वही ठेवा. ज्या वर्षी दुरुस्ती नव्या गाडीच्या हप्त्यांइतकी होईल, त्या वर्षी जुनीला निरोप द्या. तोपर्यंत लोक काय म्हणतील यासाठी दुकानाचे भांडवल मोडू नका.