कोल्हापुरीच्या आधीचे चामडे

पारंपरिक कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले असते. कच्चे कातडे लगेच सडू लागते, म्हणून त्याला आधी मीठ लावतात. मग चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढतात आणि आतल्या बाजूचे मांस खरवडतात. पुढचे काम सालीतल्या टॅनिनचे. ते कातड्यातल्या कोलॅजनच्या तंतूंना धरून ठेवते, मग कातडे कुजत नाही.

दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात याची खास रीत आहे. कातडे शिवून त्याचीच पिशवी करतात, तीत सालीचा भुगा आणि पाणी भरून ती टांगून ठेवतात. काळपट लाल पाणी कातड्यातून थेंबथेंब झिरपते. खाली साठलेले पाणी पुन्हा वरून ओततात, काही दिवसांनी पिशवी उलटी टांगतात. कडेला काप घेतल्यावर आतपर्यंत एकसारखा तांबूस रंग दिसला, की चामडे मुरले. असे चामडे वापराने पायाचा आकार घेते आणि त्याचा रंग गडद होत जातो.

हे कष्टाचे, दुर्गंधीचे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजातल्या कुटुंबांनी केले. चपला चर्मकारांनी बांधल्या, वेण्या बहुधा घरच्या बायकांनी गुंफल्या. गावाने त्यांचे चामडे वापरले आणि त्यांना मात्र गावकुसाबाहेर ठेवले. या कारागिरीचे कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

क्रोमियमच्या क्षारांनी कातडे एक-दोन दिवसांत कमावून होते. सालीला कित्येक आठवडे लागतात. त्या स्पर्धेत कातडे कमावण्याची घरगुती कुंडे ओस पडली. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोहत्याबंदी बैलांनाही लागू झाली आणि भिस्त म्हशीच्या कातड्यावर आली.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने त्याच घाटाच्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. टीका झाल्यावर मूळ मान्य केले. डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून २,००० जोड इथेच बनवून घेण्याचे जाहीर झाले. किंमत जोडीला सुमारे ८०० युरो. या पैशातला रास्त वाटा चपला बांधणाऱ्याइतकाच कातडे कमावणाऱ्यालाही मिळायला हवा. कोल्हापुरी विकत घेताना ग्राहकांनी एवढे जरूर विचारावे: हे चामडे कशात कमावले, आणि कुठे?