जॅमचं फिजिक्स: सोडवण्याआधी खोडा

ऑडिओतलं बोलणं थोडं नीट करून इथे देतोय, म्हणजे आकडेमोड डोळ्यांसमोर राहील.

अकोटहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या एका मित्राची व्हॉइस नोट आली होती. "दादा, गणित तं सुटते, पण टाइम पुरत नाही. काय करू?" त्याला जॅम द्यायचीय, म्हणजे आयआयटी, आयआयएस्सीसारख्या ठिकाणी एम.एस्सी.ला जायची परीक्षा. मी स्वतः बी.टेक. करून कोडिंगमध्ये गेलो, पण मीही अकोटचाच. आपल्याकडे बी.एस्सी.नंतर "आता बी.एड. कर" हा सल्ला कसा तयारच असतो, ते माहीत आहे. म्हणून हा अख्खा भाग त्याच्यासाठी.

आधी पेपर समजून घ्या. ३ तास, ६० प्रश्न, १०० गुण. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३ मिनिटं. त्यातले ३० प्रश्न चार पर्यायांचे, एकच बरोबर. त्यांना ५० गुण. इथेच निगेटिव्ह मार्किंग आहे: चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापला जातो.

आता हिशोब करा. १ गुणाच्या प्रश्नात डोळे मिटून ठोकलं, तर चारातून एकदा +१ आणि तीनदा -१/३. बेरीज शून्य. फायदाही नाही, तोटाही नाही. पण एक पर्याय खात्रीने खोडला, तर सरासरी १/९ गुण तुमच्या बाजूने येतो. दोन खोडले तर १/३. २ गुणांच्या प्रश्नात हे दुप्पट होतं. म्हणजे खोडण्यालाच पैसे आहेत! काही सर याला "तुक्का" म्हणतात. मला ते पटत नाही, कारण खोडायलाही फिजिक्सच लागतं.

कसं ते बघा. वावरातल्या विहिरीवर एक चाक आहे, भरीव तबकडीसारखं. त्याला दोर गुंडाळलेला, टोकाला बादली. बादली सोडली. तिचं त्वरण किती? बादलीच्या वस्तुमानाला 'ब' म्हणू, चाकाच्या 'च', त्रिज्येला 'त'. चारही पर्यायांत गुरुत्वत्वरण गुणिले एक अपूर्णांक आहे:

(१) ब ÷ (ब + अर्धा च)
(२) ब ÷ (ब + दुप्पट च)
(३) दुप्पट ब ÷ (ब + च)
(४) ब ÷ (ब + च × त)

चौथ्यात वस्तुमानात 'वस्तुमान गुणिले लांबी' मिळवलंय. किलोत मीटर मिसळत नाहीत, खोडा. आता चाक अगदी हलकं धरा, च शून्य. मग बादली मोकळी पडल्यासारखी पडायला हवी, अपूर्णांक १ यायला हवा. तिसऱ्यात २ येतो, खोडा. राहिले पहिला आणि दुसरा. चाकाचं सगळं वजन कडेला असतं, तर ते पूर्ण 'च' इतकं आडवं आलं असतं. तबकडीत बरंच वजन मध्याकडे असतं, म्हणून ते पूर्ण 'च'पेक्षा कमीच आडवं येणार. दुप्पट कसं येईल? उत्तर पहिलं. समीकरण एकही मांडलं नाही, आणि तरी जडत्वाघूर्ण म्हणजे काय ते आठवावंच लागलं.

दुसरी गोष्ट, चुकीचे पर्याय उगाच दिलेले नसतात. पेपर काढणाऱ्याला आपण कुठे घसरतो ते माहीत असतं. उष्णतारोधक डबा, मध्ये पडदा, एका बाजूला १ मोल आदर्श वायू, दुसरीकडे निर्वात. पडदा काढला, आकारमान दुप्पट झालं. एन्ट्रॉपी किती बदलली? "उष्णता आली नाही, गेली नाही, म्हणजे शून्य" असं मनात येतं, आणि शून्य हा पर्याय तिथे तयारच बसलेला असतो. पण वायू आपोआप परत अर्ध्या डब्यात जाईल का? नाही. प्रक्रिया उलटत नाही, मग एन्ट्रॉपी वाढलीच पाहिजे. शून्य आणि ऋण, दोन्ही बाद. उत्तर आर गुणिले २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम.

तापमानाचंही तसंच. समजा अकोल्याच्या मे महिन्यातली दुपार ४७ अंश आणि थंडीतली रात्र ७ अंश. त्या-त्या तापमानाला असलेली काळी वस्तू दुपारी रात्रीच्या किती पट ऊर्जा उत्सर्जित करेल? सेल्सिअसच टाकलं तर २००० पटींच्या वर जातं. तसं असतं तर आपण उरलो असतो का बापा? केल्विनमध्ये ३२० आणि २८०, म्हणजे ८/७ चा चौथा घात, साधारण १.७ पट.

मात्र सगळीकडे हे चालत नाही. १० प्रश्नांत एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात. तिथे निगेटिव्ह नाही, पण सगळे बरोबर पर्याय निवडल्याशिवाय गुणही नाहीत. उरलेल्या २० प्रश्नांत पर्यायच नसतात, आकडा टाइप करायचा. तिथेही निगेटिव्ह नाही, पण खोडायला काही नाही, पूर्ण गणित करावंच लागतं. खोडून वाचवलेली मिनिटं त्यासाठीच ठेवायची. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचाच मिळतो, माउसने दाबायचा, आणि तो वेळ खातो. म्हणून सराव मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर करू नका.

आता एक तुमच्यासाठी. भरीव गोळा उतारावरून न घसरता गडगडत येतो. घर्षण नसतं आणि तो नुसता घसरत आला असता, तर जे त्वरण मिळालं असतं, त्याच्या किती पट आता मिळेल? पर्याय: ७/५, १, ५/७, १/२. पेन खाली ठेवा आणि आधी विहिरीवरचं चाक आठवा. उत्तर पुढच्या भागात.