पद्मिनीच्या पोटाखालचे रसायनशास्त्र

एखाद्या घराच्या पोर्चमध्ये वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली, की पहिला खर्च बाहेरच्या रंगावर होतो. मग चाके निघतात आणि सस्पेन्शनचे सगळे सुटे भाग एकत्र पावडर कोटिंगला जातात. परत येतात ते एकजात काळे, चकचकीत. हे पाहून मला हळहळ वाटते. त्या काळच्या मोटारींत प्रत्येक भागाचे काम पाहून त्याचा लेप ठरत असे.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात बनवलेली फियाट 1100 ही 1974 मध्ये पद्मिनी झाली. तिच्या सस्पेन्शनमध्ये पुढच्या बाजूला विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. मुंबईतली तिची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात बंद झाली. आता उरलेली प्रत्येक गाडी हाच तिचा पुरावा आहे.

तो पुरावा सापडतो ग्रीसच्या जाड थराखाली. ग्रीसने हवा आणि पाणी अडवलेले असते, त्यामुळे वॉशरखाली, ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला मूळ पृष्ठभाग शाबूत राहतो. लाकडी पट्टीने हलकेच खरवडावे, रॉकेलने पुसावे, फोटो काढावा आणि मगच पुढे जावे. थेट सँडब्लास्टिंग केले की सगळे पुसले जाते.

तिथे मळकट राखाडी रंग दिसला तर तो बहुधा फॉस्फेटचा थर असतो. फॉस्फरिक आम्लाच्या पातळ द्रावणात भाग बुडवला, की पृष्ठभागावरचे थोडे लोखंड विरघळते, तेवढ्यापुरती आम्लता उतरते आणि न विरघळणाऱ्या फॉस्फेटचे बारीक स्फटिक तिथेच वाढतात. एकटा हा थर गंज फारसा रोखत नाही, पण स्फटिकांमधल्या फटी तेल किंवा रंग घट्ट धरून ठेवतात. नटबोल्टांवर सोनेरी, किंचित इंद्रधनुषी झाक दिसली तर ते जस्त आणि त्यावरचे क्रोमेट. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते. म्हणून ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि पोलाद वाचते.

मग स्प्रिंगलाही जस्त का चढवू नये? इथे खरा धोका आहे. आम्लाने धुताना आणि विजेने मुलामा देताना सुटणारा हायड्रोजन अणुरूपात पोलादात शिरतो. स्प्रिंगचे पोलाद फार कणखर असते आणि तेच याला सर्वाधिक बळी पडते. हायड्रोजन ताणाच्या जागी गोळा होतो आणि स्प्रिंग बाहेरून निर्दोष दिसत असतानाच, काही दिवसांनी अचानक तुटते. मुलाम्यानंतर लगेच सुमारे 200 अंश सेल्सिअसला काही तास भट्टीत ठेवले तर बराच हायड्रोजन निघून जातो, पण ही काळजी प्रत्येक दुकानात घेतली जाईलच असे नाही. स्प्रिंगला आम्लाशिवाय स्वच्छ करून फॉस्फेट आणि काळा रंग देणेच मला योग्य वाटते. ग्राइंडर तर तिच्याजवळही नेऊ नये. खोल ओरखड्यापाशी ताण एकवटतो आणि तिथूनच भेग सुरू होते.

एका बाबतीत मात्र मूळ पद्धतीचा आग्रह मी धरणार नाही. जुन्या सोनेरी मुलाम्यातले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि युरोपीय संघाने 2007 पासून नव्या मोटारींतल्या अशा लेपांवर बंदी घातली. त्रिसंयुजी क्रोमियमचा पर्याय मिळतो. त्याची झाक जरा फिकी येते, तेवढी चालवून घ्यावी आणि गाडीच्या वहीत तशी नोंद करावी.