पावसाळी ट्रेल रेस: १२ किलोमीटरला तीन तास का लागतात, आणि बॅगेत विंडचिटर का असायलाच हवं?

जून संपत आला की इन्स्टाग्रामवर एक ठरलेला रील फिरायला लागतो. धुकं, हिरवागार डोंगर, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली माणसं, छातीवर बिब नंबर आणि मागे पावसाचं एखादं गाणं. खाली कमेंट असते, "पुढच्या वर्षी करूया ना यार!" आणि खरंच, पुढच्या वर्षी त्या कमेंटवाल्यांपैकी बरेच जण फॉर्म भरतात. रस्त्यावर १० किलोमीटर एका तासात पळणारा माणूस हिशोब करतो, १२ किलोमीटर म्हणजे फार तर दीड तास. मग घरी अडीच-तीन तासांनी पोहोचलेल्याचा फोटो येतो, एक बूट हातात, चेहऱ्यावर "हे काय होतं?"

तर हे काय असतं, ते बघू.

आकडा किलोमीटरचा नाही, चढाचा बघा

ट्रेल रेस म्हणजे डांबर सोडून मातीच्या वाटा, जंगल, पठारं, बांध यांवरून होणारी शर्यत. आपल्याकडची नावाजलेली सिंहगड–राजगड–तोरणा अल्ट्रा डिसेंबरात होते, तेव्हा वाटा कोरड्या असतात. पावसाळ्यात होतात त्या बहुतेक छोट्या रेस. लोणावळा, मुळशी, सातारा, इगतपुरी या पट्ट्यात.

अशा रेसच्या पोस्टरवर अंतर मोठ्या अक्षरात असतं आणि एकूण चढ बारीक अक्षरात. वाचायचं असतं ते बारीक अक्षर. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग असोसिएशन रेसची अवघडता मोजताना एक सोपं गणित वापरते: दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर धरायचा आणि तो अंतरात मिळवायचा. म्हणजे १२ किलोमीटरच्या रेसमध्ये ७०० मीटर चढ असेल तर ती कागदावर १९ किलोमीटरची झाली. यात चिखल कुठेच धरलेला नाही. तो वेगळा वसूल होतो.

चिखल चिखलात फरक असतो

शहरातल्या माणसाला सगळा चिखल सारखाच वाटतो. शेतकऱ्याला विचारा, तो पाय टाकायच्या आधी सांगेल कुठे रुतणार आणि कुठे घसरणार.

सह्याद्री बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा. हा कातळ झिजून देशावर काळी माती झाली. तिच्यातले चिकणमातीचे बारीक कण पाणी पिऊन फुगतात, म्हणून ती बुटाला चिकटते, थरावर थर चढतो आणि पाचेक मिनिटांत प्रत्येक पायाला अर्धा किलोचा गोळा लटकलेला असतो. जिथे पाऊस धो धो पडतो तिथे, म्हणजे महाबळेश्वर, पाचगणी, कोकणात, तोच कातळ धुऊन-धुऊन जांभा आणि लाल माती झाली. ही माती तुलनेनं कमी चिकटते, पण वरचा पातळ थर ओला आणि खालची जमीन घट्ट असली की साबणासारखी सुटते. तिसरा प्रकार भातखाचराचा. चिखलणी केलेल्या खाचरात पाय गेला की तो पोटरीपर्यंत आत जातो आणि बाहेर येताना बूट आतच ठेवून येतो. माझ्या एका मैत्रिणीनं तिची पहिली रेस एका बुटावर संपवली. दुसरा अजून मुळशीत कुठेतरी आहे.

आणि या सगळ्यांपेक्षा जास्त माणसं पडतात ती चिखलात नाही, तर शेवाळलेल्या कातळावर. चिखलात निदान टाच रुतते. कातळावर पकडायला काहीच नसतं. दगड काळा आणि चकचकीत दिसला तर त्यावर पाय न देता शेजारच्या गवतात किंवा खडबडीत, फिकट दगडावर द्यायचा, हा या खेळातला पहिला धडा. आणि द्यावाच लागला तर पाऊल सपाट, पावलं छोटी.

चढ चालत चढणं म्हणजे हार नव्हे

पहिल्यांदा येणाऱ्यांना याचीच लाज वाटते. पुढचा माणूस चालायला लागला की यांना वाटतं, ही संधी. पळत ओव्हरटेक करतात आणि ३०० मीटरवर कंबरेवर हात ठेवून उभे दिसतात. तोच चालणारा माणूस शांतपणे पुढे जातो.

यामागे विज्ञान आहे. अल्बर्टो मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डोंगरात पळणाऱ्यांना ट्रेडमिलवर वेगवेगळ्या चढ-उतारांवर पळवून त्यांची ऊर्जा मोजली. सपाटीच्या तुलनेत ४५ टक्के चढावर (म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ४५ मीटर वर) तेवढंच अंतर कापायला पाचपटीहून जास्त ऊर्जा लागली. नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं, की साधारण १५ अंशांपेक्षा तीव्र चढावर त्याच वेगानं पळण्यापेक्षा चालणं स्वस्त पडतं. म्हणून जगातले मोठमोठे ट्रेल रनरही उभ्या चढावर हात मांडीवर दाबत चालतात. चिखलात तर याला पर्याय नाही. पळताना पाय जोरात मागे ढकलला जातो, माती सुटते आणि एक फूट चढून अर्धा फूट परत.

खरा घोळ उतारावर

त्याच प्रयोगात २० टक्के उतारावर सपाटीच्या जवळपास निम्म्या ऊर्जेत काम भागलं. म्हणजे उतार फुकटात? दमाच्या हिशोबानं हो. मांड्यांच्या हिशोबानं अजिबात नाही. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो आणि अशा कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात. त्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना उतरताना कळतं. गंमत म्हणजे स्नायू हे लक्षात ठेवतो. रेसच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा चांगला लांब उतार पळून ठेवला, तर पुढच्या वेळी दुखणं बरंच कमी होतं. सिंहगड चढून जायचं आणि जीपनं खाली यायचं, हा सराव म्हणून उलटा कारभार आहे.

उतारावर सगळे भीतीनं मागे झुकतात. मागे झुकलं की वजन टाचेवर येतं, टाच सुटते आणि माणूस बसकण मारतो. गुडघे सैल, शरीर किंचित पुढे, हात पसरलेले, पावलं बारीक आणि भराभर. नजर पायावर नाही, तीन-चार पावलं पुढे. गावातली पोरं हे न शिकता करतात, म्हणून ती चपलेवरही आपल्याला मागे टाकतात.

गान्सूमध्ये २१ जण का गेले?

आता जरा गंभीर. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी रेस झाली. १७२ स्पर्धक होते. दुपारच्या सुमारास उंचावरच्या टप्प्यात हवामान अचानक फिरलं: गारा, गोठवणारा पाऊस, सोसाट्याचा वारा. स्पर्धक हाफ पँट आणि पातळ टी-शर्टवर होते. अडकले ते जवळपास १००० मीटर चढाच्या उघड्या टप्प्यात, जिथे गाडी पोहोचत नव्हती. २१ जणांचा मृत्यू झाला. त्यात लियांग जिंग हा चीनमधला अव्वल अल्ट्रा रनरही होता. म्हणजे नवखे होते म्हणून गेले, असं म्हणता येत नाही. झू केमिंग नावाच्या मेंढपाळानं सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीपाशी बसवलं, ते वाचले.

चौकशीत आलेली एक गोष्ट महत्त्वाची आहे. वारा अडवणारं जॅकेट सक्तीच्या सामानाच्या यादीत नव्हतंच. त्यानंतर चीननं अशा रेस थांबवल्या.

"पण आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" हा प्रश्न मला दोन जणांनी तरी विचारला आहे. हायपोथर्मियाला बर्फ लागत नाही. शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली गेलं की तो सुरू होतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढतं. जुलैत घाटमाथ्यावर १८-२० अंश, अंगावर भिजलेला सुती टी-शर्ट आणि दरीतून येणारा वारा. पळताय तोवर अंग गरम राहतं. पाय मुरगळून एका जागी अर्धा तास बसावं लागलं की खेळ बदलतो. आधी थरथर. मग बोटांना चेन लावता येत नाही, बोलणं जड होतं, माणूस उगाच चिडतो किंवा "मला काही झालं नाही" म्हणतो. थरथर थांबली आणि माणूस सुस्त झाला तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही, उलट आहे. वाऱ्यापासून आडोसा, ओले कपडे काढून कोरडे, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा, आणि लगेच मदत. दारू नाही, हातपाय चोळणं नाही.

मावळातला, कोकणातला शेतकरी इरलं किंवा घोंगडी घेतल्याशिवाय पावसात लावणीला जात नसे. इरलं पाऊस आणि वारा अडवतं, लोकर भिजली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. आपण त्याच डोंगरात सुती टी-शर्ट घालून जातो, वर त्यावर "माउंटन्स आर कॉलिंग" छापलेलं असतं.

ओढा आणि आयोजक

पावसाळ्यात वाटेवरचा ओढा सकाळी घोट्याएवढा आणि तासाभरात कंबरेएवढा असू शकतो, कारण पाऊस तुमच्या डोक्यावर नाही, वरच्या डोंगरावर पडलेला असतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनानं धोकादायक ठिकाणांवर मनाई आदेश काढले. म्हणून फॉर्म भरण्याआधी आयोजकांना विचारा: प्रशासनाची आणि वन विभागाची परवानगी आहे का? ओढ्यावर दोर आणि माणूस असेल का? पाऊस वाढला तर पर्यायी मार्ग कोणता? शेवटच्या स्पर्धकामागे कोणी चालतं का? यावर "डोन्ट वरी, मजा येईल" असं उत्तर आलं तर पैसे वाचवा. मेडलचा आकार किती, हे न विचारताही कळतं. ते पोस्टरवर असतंच.

बूट, बॅग आणि बांध

बुटाचा तळ ट्रॅक्टरच्या चाकासारखा हवा: खोल आणि लांब लांब दाते, साधारण ५ ते ८ मिलिमीटरचे. दाते जवळजवळ असले की त्यात माती भरते आणि तळ गुळगुळीत होतो. 'वॉटरप्रूफ' बुटाच्या मोहात पडू नका. गुडघाभर पाण्यात वरून पाणी शिरणारच, आणि मग ते बाहेर पडत नाही. पातळ जाळीचा, पाणी गळून जाणारा बूट बरा. नाडी दुहेरी गाठीची. मोजे सुती नकोत.

बॅगेत विंडचिटर, शिट्टी, क्रेप बँडेज, खायला चिक्की किंवा खजूर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मोबाइल. पाऊस असला तरी घाम येतो, त्यामुळे पाणी हवंच. जळवा चावल्या तर घाबरू नका, रक्त जरा जास्त वेळ वाहतं कारण जळू ते गोठू देत नाही. फुरसं मात्र मस्करी नाही. कोकणच्या जांभ्या सड्यांवर ते असतं, तेव्हा दगडाच्या फटीत न बघता हात घालू नका.

अजून एक. वाटेत चिखल आला की सगळे कडेनं जातात. मग कडही चिखल होते, पुढचे आणखी कडेनं जातात आणि पाऊलवाटेचा दहा फुटी पट्टा होतो. तसंही तुम्ही भिजलेलेच आहात, मधूनच जा. आणि खाचराच्या बांधावरून दोनशे माणसं पळाली की बांध फुटतो, पाणी निघून जातं. तो परत घालायला आयोजक येत नाहीत, शेतकरी येतो.

घरी आल्यावर

बुटातला चिखल वाळण्याआधी धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा. त्याआधी पाय तपासा. खरचटलेल्या पायानं साचलेल्या पाण्यातून गेलं की लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून हा जिवाणू चिखल-पाण्यात येतो. जखमा साबणानं धुवा. बहुतेकदा लक्षणं पाच ते चौदा दिवसांत दिसतात, म्हणजे रेसचे फोटो जुने झाल्यावर. ताप, डोकं आणि पोटऱ्या दुखणं, डोळे लाल. माणसाला वाटतं व्हायरल आहे, पोटऱ्या तर रेसमुळे दुखतायत. अंगावर काढू नका आणि डॉक्टरांकडे गेलात की, त्यांनी विचारलं नाही तरी, दोन आठवड्यांपूर्वी चिखलात पळालो होतो हे आधी सांगा. वेळेत कळलं तर त्यावर साधी अँटिबायोटिक चालतात.