बारा कोसांवर बदलणारी आज्ञावली

जात्यावरच्या ओव्यांतील शब्द मोजण्याकरिता गेल्या वर्षी मी पायथन भाषेत एक छोटी आज्ञावली लिहिली. ओव्या आजीकडून उतरून घेतलेल्या होत्या. मित्राच्या लिनक्स संगणकावर आज्ञावली निमूटपणे चालली. प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या दिवशी तीच विंडोजच्या संगणकावर चालवली, तर पहिल्याच ओवीत अडली. ‘८डी ही बाइट वाचता येत नाही’, एवढाच काय तो खुलासा!

असे का व्हावे? संगणक अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवतो. हे आकडे कोणत्या संकेताने वाचायचे, ते मी सांगितलेच नव्हते. न सांगितल्यास माझ्या आवृत्तीतील ‘ओपन’ हे फंक्शन यजमान संगणकाची रीत उचलते. लिनक्सची रीत बहुधा यूटीएफ-८ ही असते. इंग्रजी मांडणीच्या विंडोजची बहुधा १२५२ क्रमांकाची, म्हणजे पश्चिम युरोपातील भाषांसाठी केलेली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते आणि हलन्ताच्या खुणेची शेवटची बाइट ८डी असते. १२५२ च्या तक्त्यात नेमके तेच घर रिकामे आहे. थोडक्यात, माझी आज्ञावली जोडाक्षराला ठेचकाळली होती! ती ठेचकाळली हे बरेच झाले म्हणायचे. अशी बाइट मजकुरात आलीच नसती, तर तिने निरर्थक युरोपीय अक्षरे मुकाट्याने मोजून दिली असती.

मग दोष कोणाचा? आधी मी पायथनच्या लायब्ररीला बोल लावला. (लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या, आपण आयत्या वापरायच्या फंक्शनांचा संग्रह.) पण संदर्भपुस्तिका उघडली तेव्हा ओशाळलो. न सांगितलेला संकेत यंत्रागणिक बदलतो, हे तेथे स्पष्ट लिहिले होते. मी ते वाचले नव्हते, इतकेच.

त्या निमित्ताने एक गोष्ट ध्यानात आली. यंत्रायंत्रांतले भेद दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात फंक्शन एकीकडे असते, दुसरीकडे नसतेच. चालू प्रक्रियेची दुसरी प्रत काढणारे ‘फोर्क’ युनिक्स घराण्यात आहे, विंडोजवर नाही. फाइल तिच्या नेहमीच्या साधनात उघडणारे ‘स्टार्टफाइल’ केवळ विंडोजवर आहे. पायथनची पुस्तिका अशा प्रत्येक नावाखाली ‘उपलब्धता’ अशी ओळ देते. चांगला कोशकार प्रांतिक शब्दापुढेच त्याचा प्रांत नोंदवतो, तशीच ही रीत.

दुसरा प्रकार फसवा. फंक्शन सगळीकडे असते, पण वागते निराळे. ‘ओपन’ या जातीचे. अशा ठिकाणी ‘उपलब्धता’ लिहून भागत नाही. कोठे काय होईल आणि सर्वत्र सारखे व्हावे म्हणून काय लिहावे, हे दोन्ही सांगावे लागते. शिवाय ते उदाहरणातही दिसले पाहिजे. कारण माझ्यासारखा नवशिक्या आधी उदाहरण उतरवून घेतो, परिच्छेद मागाहून वाचतो.

रस्ट या भाषेत आणखी एक गंमत आहे. तेथे पुस्तिका मूळ आज्ञावलीतूनच आपोआप तयार होते. लिनक्ससाठी ती तयार केली, तर केवळ विंडोजसाठी लिहिलेला भाग मुळात विचारातच घेतला जात नाही आणि पुस्तिकेतून गळतो! म्हणून ‘पुस्तिका करताना हाही भाग धर’ अशी सूचना लेखकाला मुद्दाम द्यावी लागते. आपल्या गावची बोली तीच मराठी, असे समजून कोश रचल्यासारखेच हे नव्हे काय?

पायथनच्या कर्त्यांनी २०२१ च्या ३.१० या आवृत्तीत, संकेत सांगायचा राहिल्यास इशारा मिळण्याची ऐच्छिक सोय केली, ३.१५ पासून यूटीएफ-८ हाच संकेत गृहीत धरण्याचे ठरवले. तळटीप लिहीत बसण्यापेक्षा भेदच मिटवणे केव्हाही उत्तम. मात्र सगळेच भेद मिटत नाहीत. तेथे टीप हवीच.

मी त्या रात्री ‘एन्कोडिंग यूटीएफ-८’ एवढे दोन शब्द घातले आणि आजीच्या ओव्या जोडाक्षरांसह सुखरूप मोजल्या गेल्या. आज्ञावलीच्या माथ्यावर आता एक ओळ आहे : ‘लिनक्स व विंडोज या दोहोंवर चालवून पाहिली आहे.’ पुढच्या वर्षी ती कोणी वापरील, त्याची तरी एक रात्र वाचेल.