पडदावाचक, संगणकीय
संगणकाच्या पडद्यावरील मजकूर अंध व्यक्तीस कृत्रिम वाणीद्वारे ऐकविणारी आज्ञावली. निर्देशक जेथे असेल तेथील मजकूर ती सामान्यतः वाचते. अन्यत्र झालेला बदल अनुच्चारित राहू शकतो. उदा., लासलगाव बाजार समितीच्या विंचूर (जि. नासिक) उपबाजारातील कांद्याचा भाव पडद्यावर बदलला, तरी अंध शेतकरी जुन्याच आकड्यावर विसंबून राहील. यासाठी पूरक आज्ञावली लिहून विशिष्ट भागातील नवा मजकूर जुन्याशी ताडतात व फरक आढळल्यास तेवढाच उच्चारवितात. प्रत्येक बदल लगेच ऐकविल्यास चालू वाचन खंडित होते. म्हणून तातडीचे बदल तत्काळ, तर इतर बदल चालू वाचन संपल्यावर ऐकवितात. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये मायकेल करन यांनी आरंभिलेल्या ‘एनव्हीडीए’ या विनामूल्य पडदावाचकासाठी अशा आज्ञावल्या ‘पायथन’ भाषेत लिहितात.